मुठीचा काटा

"वैनी, ह्यो काटा नीट चालंना," म्हणत साळोखेमामांनी एक लाकडी पेटी काउंटरवर ठेवली. "मनाला येईल तसं दाखवतोय. काल मी दाबला तर आठ किलो. डॉक्टरसायेब म्हणाले, मामा, आठ किलोत तुमच्याच्यानं चहाचा कप बी उचलायचा न्हाई."

मी हसले. साळोखेमामा जयसिंगच्या कारखान्यातल्या दवाखान्यात शिपाई होते. जयसिंग म्हणजे माझे यजमान.

"कधी पाहिजे?"

"सोमवारी सकाळी. बारा तारखेला तपासणी हाय." मामांनी टोपी काढली, परत घातली. "पहिला नंबर तुमच्याच घरचा हाय की."

ते मला माहीत होतं. ज्याच्यावर ती तपासणी व्हायची, ते यंत्र दुरुस्तीला माझ्याच हातात येईल, हे मात्र माहीत नव्हतं.

आमचं दुकान कोल्हापुरात, लक्ष्मीपुरीत. दुकान म्हणजे अण्णांचं, माझ्या वडिलांचं. धान्याच्या व्यापाऱ्यांचे तराजू, गुऱ्हाळाचे काटे, भंगारवाल्यांचे स्प्रिंगचे ताणकाटे, जे काही वजन करतं ते सगळं आमच्याकडे दुरुस्तीला यायचं. मी आठवीत शाळा सोडली आणि अण्णांच्या शेजारी स्टुलावर बसून बाकीचं शिकले. इंग्रजी अक्षरं मी काट्यांच्या तबकड्यांवर शिकले. त्यामुळे बरीच वर्षं मला वाटायचं, इंग्रजीत सगळे शब्द गोलच लिहितात.

पेटीतलं यंत्र मात्र मी पहिल्यांदाच बघत होते. माणसाच्या मुठीत किती जोर आहे ते मोजायचं यंत्र. वर गोल तबकडी, शून्य ते शंभर किलो. खाली लोखंडी चौकट आणि तिच्यात सरकणारी मूठ. चौकट तळहातात धरायची, मूठ बोटांनी आवळायची. आत स्प्रिंग ताणली जाते आणि काटा फिरतो. गंमत अशी, की हात सोडला तरी काटा जिथं पोचला तिथंच थांबून राहतो. बटण फिरवून शून्यावर आणेपर्यंत हलत नाही.

"ताणकाटाच की ह्यो," अण्णा यंत्र चाचपून म्हणाले. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला होता, बारीक काम आता माझ्याकडेच असायचं. "फक्त ह्याला वजनाच्या जागी माणूस टांगायचा."

आतल्या दातेरी चाकात गंज आणि जुनं तेल साचून चिकट झालं होतं. रॉकेलमध्ये धुऊन, घासून, शुक्रवारी दुपारी मी यंत्र परत जोडलं. व्हाइसच्या लोखंडी जबड्यात उलटं आवळून मुठीला वीस किलोचं वजन टांगलं. काटा वीसवर. चाळीस टांगलं. काटा चाळीसवर.

यानंतर खूण करायची असते. ही आमच्या दुकानाची रीत. दुरुस्त केलेल्या प्रत्येक काट्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला टोचणीनं तारीख कोरायची, आणि खाली लिहायचं, वीसला वीस, चाळीसला चाळीस. गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नाही. लहानपणी मी विचारलं होतं, मग कशाला करायची? अण्णा म्हणाले होते, "पुढं कधी कुणी उघडंल, त्याला कळाया पायजे की आपल्याकडनं जाताना ह्यो खरं बोलत हुता." एकदा माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान आले, भुसार दुकानाच्या तराजूत थोडी सवलत मागायला. अण्णांनी त्यांना चहा पाजला, आणि तराजूसकट परत पाठवलं.

त्या शुक्रवारी मी टोचणी उचलली आणि परत ठेवली. मला आधी एक बघायचं होतं.

जयसिंग भट्टीवर होते. वितळलेल्या लोखंडाचं भांडं, त्याला लॅडल म्हणतात, दोन माणसांनी दोन्ही बाजूंनी दांडे धरून साच्यापर्यंत न्यायचं आणि ओतायचं. दुसऱ्या बाजूला बापू खोत. आठ वर्षांची जोडी. एकाचा हात सुटला, तर दुसऱ्याच्या पायावर काय सांडेल ते सांगायला नको. ऑगस्टमध्ये साच्याच्या वाळूची पेटी जयसिंगच्या उजव्या हातावर पडली. तळव्याची तीन हाडं मोडली. प्लास्टर निघालं तेव्हा हात कागदाच्या लगद्याचा करून बसवल्यासारखा दिसत होता. कारखान्याचं म्हणणं सरळ होतं. उजव्या मुठीत तीस किलो जोर दिसला तर लॅडलवर परत. नाही तर काम संपलं.

सहा महिने ते घरी होते. सकाळी पहिल्या पाळीच्या भोंग्याला उठायचे, दाढी करायचे आणि कॉटवर बसून रबरी चेंडू दाबत राहायचे. दुपारी माझा डबा घेऊन दुकानात यायचे. लग्नात मी डबा पोचवायचं कबूल केलं होतं, त्याचं असं उलटं झालं होतं. आधी त्यावर आम्ही हसायचो. मग हसणं थांबलं. जानेवारीत त्यांनी आपलं मनगटी घड्याळ धाकट्या भावाला देऊन टाकलं.

"का हो?"

"मला आता कुठं येळंवर जायचंय?"

त्या दिवसापासून मी पंचगंगेकडे निघालेल्या त्यांच्या चपलेचा आवाज ओळखायला लागले. संध्याकाळी नदीकडं गेले, की येईपर्यंत मी भात चुलीवर चढवत नसे. परत आले की चढवायचे. ते विचारायचे, रोज उशीर का? मी म्हणायचे, तांदूळ जुना आहे.

शनिवारी ते डबा घेऊन आले तेव्हा अण्णा जेवून झोपायला घरी गेले होते.

"हे बघा काय आलंय," मी म्हटलं आणि यंत्र पुढं केलं. "दाबून बघा."

त्यांनी ते ओळखलं असावं, कारण हात आधी पँटला पुसला. उजव्या हातात धरलं. बोटं मुठीवर जेमतेम पोचत होती. डोळे मिटले आणि दाबलं. मानेच्या शिरा वर आल्या.

चोवीस.

"आणखी एकदा. घाई करू नका."

बावीस. मग परत चोवीस.

तिसऱ्यांदा त्यांनी हात सोडला. आम्ही दोघं त्या काट्याकडे बघत राहिलो. तो चोवीसवर थांबला होता आणि हलत नव्हता.

"कुणी बनवला असंल गं ह्यो?" ते म्हणाले. "सोडला तरी सोडंना."

"अजून दोन दिवस आहेत."

"दोन दिवसांत सा किलो." ते हसले. "आंब्याची करंडी हाय व्हय भरायला?" मग डब्याचं झाकण डाव्या हातानं उघडून त्यांनी माझ्यापुढं ठेवलं. "जेव. मी जरा नदीकडनं येतो."

"आता? दुपारचं?"

"आता काय आन् मग काय, येळ सगळी सारखीच हाय."

ते गेले. मी डबा झाकला. आपल्याला भीती वाटते तेव्हा हात थांबतात असं म्हणतात. माझे उलट सुटले. मी पाच मिनिटांत तबकडी उघडली. आतली स्प्रिंग जाड तारेची होती. जुन्या सुट्या सामानाच्या डब्यात एका मोडक्या ताणकाट्याची स्प्रिंग होती, लांबीला तेवढीच, पण तार बारीक. जाड डब्यात टाकली, ही बसवली, वीस किलो टांगले. काटा सव्वीसवर गेला. शून्यावर मात्र अगदी शून्यच. बाहेरून कुणाच्या बापाला कळलं नसतं. चोवीसचे एकतीस होणार होते. मी तोंडी हिशेब केला, मग पाटीवर केला, मग पाटी पुसली.

तराजूला सरकारी शिक्का लागतो. ह्याला लागत नव्हता. मला अडवायला कुणीच नव्हतं.

झाकण लावायच्या आधी सवयीनं टोचणी हातात आली. वीसला वीस लिहिणं शक्य नव्हतं. वीसला सव्वीस लिहिणं तर त्याहून शक्य नव्हतं. खोटा काटा मी करू शकले, पण खोटी खूण माझ्यानं करवली नाही. कोऱ्या पत्र्यावर झाकण लावलं, पेटी फळीवर ठेवली, दुकान तसंच उघडं टाकलं आणि नदीकडं पळत सुटले.

जयसिंग घाटाच्या पायऱ्यांवर बसले होते. पाण्यात मूठ बुडवून उघडझाप करत होते.

"दुकान?" त्यांनी विचारलं.

"आहे तिथंच आहे."

"आन् जेवलीस?"

"तुम्ही चला, मग जेवते."

ते उठले. कोपऱ्यावर म्हणाले, "मी कुठं जात न्हाई गं. एवढं पळू नकोस, लोक बघत्यात." माझ्या डोक्यात फक्त एकतीस फिरत होतं.

सोमवारी सकाळी मी दुकानात पोचले तर फळी रिकामी.

"मीच देऊन आलो," अण्णा म्हणाले. एका डोळ्यानं सायकलवर शिरोलीला, कारखान्यापर्यंत जाऊन आले होते. "साळोखेची वाट कुठं बघत बसायची?"

"तुम्ही कशाला गेलात अण्णा?"

"का? मला काटे पोचवता येत न्हाईत?" ते माझ्याकडे न बघता तराजूच्या पारड्याची साखळी मोकळी करत होते. "जावयांना पोटभर खाऊन जायला सांगितलंस न्हवं?"

"सांगितलं."

"मग झालं. आता त्यांचा हात आन् त्यांचं नशीब."

त्या सकाळी मी किती चुका केल्या त्याची गणती नाही. एका व्यापाऱ्याला दुसऱ्याचा तराजू दिला. चहा सांडला. साडेबारा वाजता जयसिंग दारात उभे राहिले. मी चेहऱ्याकडे बघायचं टाळलं आणि त्यामुळं आधी मनगट दिसलं. मनगटावर घड्याळ होतं.

"भावाकडनं परत आणलं," ते म्हणाले. "तेहेतीस."

"किती?"

"तेहेतीस. डॉक्टरनं आधी खालचा स्क्रू फिरवला, बोटं नीट बसवून घेतली, मग म्हणाला, दाबा. मी बापूचं तोंड डोळ्यापुढं आणलं आन् दाबला. तेहेतीस, अण्णा."

"ऐकलं," अण्णा म्हणाले आणि उठून आत गेले. बराच वेळ माठातलं पाणी पीत राहिले.

मला एकतीस अपेक्षित होते. दोन जास्त आले. मी मनात म्हटलं, जोशात आले असतील.

दुसऱ्या दिवसापासून ते लॅडलवर गेले, आणि माझी तपासणी सुरू झाली. पाळी सुटल्याचा भोंगा वेळेवर झाला की मी श्वास सोडायचे. मध्येच कुठला भोंगा वाजला, की हातातलं वजन खाली ठेवून भिंतीला टेकायचे. संक्रांतीला बापू खोतांची बायको, शालन, हळदीकुंकवाला यायची. तिच्या हातात वाण देताना मला तिच्या नवऱ्याचे पाय दिसायचे. माझ्या नवऱ्याला चोवीस किलोच्या मुठीनिशी उकळत्या लोखंडाशी उभं करून मी इथं तिळगूळ वाटत होते.

अण्णांना मी काही सांगितलं नाही. त्यांच्यात एवढाच बदल झाला, की माझ्या हातून कुठलाही काटा निघाला की ते विचारायचे, "खूण केलीस?" रोज. प्रत्येक काट्याला. मला वाटायचं, म्हातारपण. एकदा चिडून म्हटलं, "केली, केली, केली." ते म्हणाले, "एकदा केलीस तरी पुरं हाय." अठ्ठ्याण्णव साली अण्णा गेले.

दोन हजार साली शेजारच्या कारखान्यात लॅडल निसटलं. ओतणाऱ्याचा एक पाय घोट्यापासून गेला. त्या संध्याकाळी जयसिंग जेवायला बसले आणि मी ताट वाढायच्या ऐवजी सगळं सांगून टाकलं. स्प्रिंग, सव्वीस, एकतीस, सगळं.

ते ओरडले नाहीत. उजवा हात ताटाजवळ होता, तो उचलून मांडीवर ठेवला, एखाद्या दुसऱ्याची वस्तू बाजूला ठेवावी तसा.

"म्हंजे ती मूठ माझी न्हवतीच."

"मला तुम्हाला गमवायचं नव्हतं."

"बापूला कळलंय?"

"कुणालाच नाही."

"चार वर्सं," ते म्हणाले. "चार वर्सं त्यो माझ्या भरवशावर हुता."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून लॅडल सोडलं आणि गेटवरची नोकरी मागून घेतली. कारण विचारलं तर म्हणाले, हात दुखतो. त्यानंतर घरात लोणच्याची बरणी मी उघडायची. गॅसची टाकी मी सरकवायची. गेटचा आडवा दांडा ते डाव्या हातानं उचलायचे. धाकट्या भावाला नातू झाला, बारशाला सगळ्यांनी त्याला हातोहात घेतला. जयसिंगनी घेतला नाही. "निसटंल," म्हणाले. हसतच म्हणाले, आणि बायकाही हसल्या. मी आत जाऊन उगाच दूध ढवळत बसले.

अशी अकरा वर्षं गेली.

दोन हजार अकराच्या मार्चमध्ये कारखान्याच्या दवाखान्यातली नवी नर्स एक लाकडी पेटी घेऊन दुकानात आली. साळोखेमामा केव्हाच निवृत्त झाले होते.

"मावशी, हे जुनं आहे, पण सर म्हणतात दुरुस्त होतंय का बघा. काटा अडकतो."

मी पेटी ओळखली. ती गेल्यावर बराच वेळ हात लावला नाही. मग लावला. तबकडीचे चार स्क्रू काढले, झाकण उलटं केलं.

आतल्या बाजूला टोचणीनं कोरलेलं होतं. अक्षर वाकडं होतं, एका डोळ्याच्या माणसानं बोटांनी चाचपत काढल्यासारखं. ११-२-९६. खाली, वीसला वीस. चाळीसला चाळीस.

बारा तारखेला तपासणी होती. अकरा म्हणजे रविवार. दुकान बंद असायचं त्या दिवशी अण्णा एकटे येऊन बसले होते. निघणारा प्रत्येक काटा उघडून ते खूण बघायचे, हे मी विसरले होते. खूण नाही म्हटल्यावर त्यांनी वजनं टांगली असणार. आणि मग माझी बारीक स्प्रिंग काढून जुनी परत घातली असणार. आत जाड तारेचीच स्प्रिंग होती. मी तिला तीन वेळा हात लावून बघितलं.

मग चोवीस कुठून आले होते? मी यंत्र हातात घेऊन बसले. खाली एक स्क्रू होता. फिरवला तशी मूठ वरखाली सरकली. ज्याचा हात जसा, तशी ती बसवून घ्यायची असते. शनिवारी ती फार लांब बसवलेली होती, जयसिंगची बोटं जेमतेम पोचत होती. आम्ही काटेवाले. वजन टांगलं, काटा खरा बोलला, की काम झालं. वजनाला बोटं नसतात. माणसाचा हात कसा बसतो ते बघायचं मला सुचलंच नव्हतं.

तेहेतीस खरे होते. जोशाचे दोन आणि माझ्या खोटेपणाचे सात असं काही त्यात नव्हतं. अख्खे तेहेतीस त्यांचे होते.

मी दुकानाला कुलूप घातलं आणि शिरोलीची बस पकडली.

जयसिंग गेटच्या सावलीत खुर्चीवर बसले होते. मला बघून उठले. "काय गं, कुणाला काय झालं?"

मी झाकण त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावला, उन्हाकडे धरून वाचलं.

"अण्णांचं अक्षर."

"हो."

"म्हंजे?"

मी सांगितलं. या वेळी दोन वाक्यांत. ते झाकण धरून उभे राहिले. अंगठा त्या आकड्यांवरून फिरत होता, सावकाश, एकदा इकडून, एकदा तिकडून.

"म्हंजे माझीच हुती."

"तुमचीच."

"अण्णांना म्हाईत हुतं. तुला न्हवतं."

मी मान हलवली.

"तू चार वर्सं भ्यालीस, ते मला कळतंय," ते म्हणाले. "पर मी अकरा वर्सं माझ्याच हाताला भ्यालो. पोरगं उचललं न्हाई मी. त्याचं काय करायचं, सांग की. तू काटेवाली हैस."

पिशवीतून यंत्र काढून मी पुढं धरलं. मला वाटलं, दाबतील. निदान माझ्यावर राग म्हणून तरी. त्यांनी ते घेतलं, खालचा स्क्रू फिरवून मूठ आपल्या हाताएवढी आणली, बोटं एकेक करून बसवली. आणि तसंच परत माझ्याकडे दिलं.

"आता न्हाई," म्हणाले. "आता कुणाला दाखवायचं?"

बाहेर ट्रक येऊन उभा राहिला होता. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला. जयसिंग गेटकडे गेले, सवयीनं डावा हात दांड्याला लावला. थांबले. डावा हात खाली आला. मग उजव्यानं तो दांडा धरला आणि उचलला, आणि ट्रक आत जाऊन धूळ खाली बसेपर्यंत तसाच वर धरून ठेवला. गरज नव्हती.

दांडा खाली ठेवून ते वळले नाहीत. पाठमोरेच म्हणाले, "तांदूळ जुना हाय न्हवं? घरी जा. लवकर चढव आज."

मी आधी दुकानात परत आले. चाक धुतलं, तेल घातलं, वजनं टांगली. मग टोचणी घेतली आणि अण्णांच्या ओळीखाली, पंधरा वर्षं उशिरा, माझी खूण केली.